हप्त्यावर घेतलेले गचके

नाहूर नक्की कुठे आहे हे नाहूरमध्ये राहणाऱ्यालाही एका दमात सांगता येत नाही. फ्लॅट विकायचा असला की ते मुलुंडमध्ये असतं, रिक्षावाल्याला यायचं नसलं की पार भांडुपच्या पलीकडे असतं, आणि नाहूर या नावानं ते फक्त लोकलच्या इंडिकेटरवर असतं. भांडुप आणि मुलुंडच्या मध्ये रेल्वेनं २००३ साली हे स्टेशन बसवलं. फास्ट लोकल आजही त्याच्याकडे ढुंकून न बघता निघून जाते. पण एका बाबतीत नाहूरचा हात कोणी धरणार नाही. संध्याकाळी सात ते नऊच्या दरम्यान इथल्या रेल्वेवरच्या पुलावर गाड्या ज्या वेगानं सरकतात तो ताशी शून्याच्या वर आणि दहाच्या खाली असतो, आणि तो रोज असतो. पाऊस असो, परीक्षा असोत, गणपती असोत, दहा म्हणजे दहा.

कारणं इथे शाळकरी पोरांनाही पाठ आहेत. पुलाच्या पश्चिमेला एलबीएस मार्ग. तिथे मेट्रो चारचं काम २०१८ पासून चालू, त्यामुळे रस्त्याचा मधला भाग मेट्रोचा, कडेचा भाग पार्किंगचा आणि उरलेला आपला. पूर्वेला ईस्टर्न एक्स्प्रेस हायवे आणि ऐरोलीचा रस्ता. तिकडून येणारा प्रत्येक जण नवी मुंबईच्या ऑफिसातून सुटलेला आणि घरी चहा मांडलेला. या दोघांना जोडणारा हा गोरेगाव-मुलुंड लिंक रोड उद्या १२.२ किलोमीटरचा होईल, राष्ट्रीय उद्यानाच्या पोटातून ४.७ किलोमीटरचे जुळे बोगदे जातील, जुलै २०२४ मध्ये पंतप्रधानांच्या हस्ते त्याचं भूमिपूजनही झालं. बोगदे झाले की गोरेगाव हाकेच्या अंतरावर येईल. सध्या पुलाचं रुंदीकरण चालू आहे, म्हणून पूल अरुंद आहे.

अशा जागी राहणाऱ्यानं हायब्रिड गाडी घ्यावी यात कोणाला काही खटकू नये. हायब्रिडची सगळी प्रौढीच मुळी ट्रॅफिकवर उभी आहे. साधी गाडी हायवेला चांगलं ॲव्हरेज देते आणि शहरात येऊन पेट्रोल पिते, हिचं उलटं. थांबली की इंजिन बंद, हळू चालली की विजेवर, ब्रेक मारला की फुकट जाणारी ताकद बॅटरीत जमा. म्हणजे जितकं अडकाल तितका फायदा! जन्मभर ज्याचा मनस्ताप झाला त्यावर कोणी व्याज देऊ केलं तर नाही कोण म्हणेल? त्यात या वर्गातल्या एक-दोन गाड्यांचा कागदावरचा आकडा लिटरला २७.९७ किलोमीटर. बाटाच्या दुकानातल्या किमतीसारखा तो आकडा पाहिला की मराठी माणसाचं ठरून जातं. गाडीत एअरबॅगा किती, हे तो गाडी घरी आल्यावर विचारतो.

मीही घेतली. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण जे सांगणार आहे ते थोड्याफार फरकानं सगळ्यांचंच आहे. घेतली तेव्हा अशा गाडीवर जीएसटी आणि सेस मिळून ४३ टक्के कर होता आणि निव्वळ विजेच्या गाडीवर ५ टक्के. हे दोन आकडे शोरूममध्ये एका वाक्यात कोणी सांगत नसे.

पहिली गंमत आवाजाची. बटण दाबलं की ही गाडी काहीच बोलत नाही, फक्त समोर हिरव्या अक्षरांत 'रेडी' उमटतं. पहिल्या सकाळी सोसायटीचा वॉचमन बराच वेळ आमच्याकडे पाहत होता. शेवटी जवळ येऊन बाही सरसावून म्हणाला, "साहेब, धक्का मारू का?" बायकोही कितीतरी दिवस विचारायची, "अहो, सुरू झाली का?" तेव्हा आम्ही गेटच्या बाहेर असायचो.

हायवेला या गाडीला नावं ठेवायला जागा नाही. पनवेल मागे पडलं की ती कोणालाही आवडावी. तिचा खरा स्वभाव कळतो तो पुलाच्या चढावर, जेव्हा पुढची रिक्षा चार फूट सरकते आणि तुम्हालाही चार फूट सरकायचं असतं. तुम्ही ब्रेकवरून पाय उचलता, ॲक्सिलरेटरला नुसता स्पर्श करता. विजेच्या मोटरला ताकद गोळा करायला वेळ लागत नाही, ती उभ्या जागी सगळी हजर असते. गाडी टुणकन पुढे जाते. तेवढ्यात रिक्षा थांबलेली असते, कारण तिच्या पुढे टेम्पो थांबलेला असतो. तुम्ही ब्रेकला पाय लावता. गाडी छान हळू होते, होते, आणि अगदी शेवटच्या हातभर अंतरात 'कच्' करून दातखीळ बसल्यागत थांबते. पाच माना पुढे, पाच माना मागे. मग पुढची रिक्षा सरकते. यात कधीतरी मध्येच, तुम्ही काही मागितलेलं नसताना, बोनेटखाली घुर्र होतं, स्टिअरिंगमधून एक शिरशिरी तळव्यात येते, आणि गाडी अंग झाडल्यासारखं करते. बॅटरी उतरली म्हणून इंजिन जागं झालेलं असतं. बॅटरी कोणी उतरवली? एसीनं.

खड्ड्याचा धक्का वेगळा. तो बाहेरून येतो, त्याला कोणीतरी धनी असतो, शिवी द्यायला पत्ता असतो. हे गचके घरचेच, दर महिन्याच्या पाच तारखेला त्यांचा हप्ताही आपणच भरतो.

याचे घरगुती परिणाम कंपनीच्या पुस्तकात दिलेले नाहीत. पुलाच्या चढापासून उतारापर्यंत गाडीतली सगळी माणसं एकमेकांना होकार देत असतात. बायको म्हणाली, "यंदा मे महिन्यात आठ दिवस माझ्या भावाकडे नाशिकला राहू या," आणि नेमका त्याच क्षणी पुढच्या रिक्षानं ब्रेक मारला. माझी मान हलली. "ठरलं मग," ती म्हणाली. मोठ्या मुलानं बाइकचा विषय पुलावरच काढला, यामागे योगायोग आहे असं मला वाटत नाही.

आई मागे बसते आणि डोळे मिटून रामरक्षा म्हणते. जुन्या गाडीत तिची रामरक्षा सोसायटीपासून हायवेपर्यंत बरोबर पुरायची. आता प्रत्येक गचक्याला ओळ मधेच तुटते, आणि तुटलेलं स्तोत्र पुढे म्हणू नये असं तिचं मत असल्यामुळे ती पहिल्यापासून सुरू करते. या गाडीत ती फलश्रुतीपर्यंत अजून पोचलेली नाही. "गाडी चांगली आहे रे," ती म्हणते, "पण हिला देवाधर्माचं काही नाही."

यामागचं शास्त्र समजून घेतलं तर राग कमी होतो, मान मात्र दुखतेच. गाडीत एक पेट्रोलचं इंजिन असतं आणि विजेच्या मोटरी. बहुतेक गाड्यांत ही मंडळी एकात एक फिरणाऱ्या दातेरी चाकांच्या संचानं बांधलेली असतात, नेहमीचा गिअरबॉक्स नाही आणि तुमच्या पायाखाली क्लच नाही. या क्षणी चाक कोणी फिरवायचं, हे संगणक ठरवतो. ब्रेकचंही तेच. पाय ठेवला की आधी मोटर जनित्र होते, चाकाचा वेग खाऊन वीज बनवते. वेग फारच कमी झाला की तिच्या हातून फारसं काही होत नाही, मग डिस्क आणि पॅड, म्हणजे खरे ब्रेक, सूत्रं घेतात. सरकारी खात्यात एक साहेब चार्ज सोडतो आणि दुसरा घेतो, तेव्हा मधल्या अर्ध्या दिवसात सही कोणाची हे शिपायालाही माहीत नसतं. त्या अर्ध्या दिवसात गाडी 'कच्' करते.

आता ही देवघेव होते कुठल्या वेगाला? गाडीगणिक थोडं इकडेतिकडे, पण साधारण ताशी दहाच्या आसपास. इथेच सगळं पाणी मुरतं. जगातल्या बाकीच्या लोकांना हा वेग सिग्नलला थांबताना शेवटचे दोन सेकंद दिसतो. नाहूरकर तो पाऊण तास पाहतो. इंजिनिअरनं ज्याला प्रवासाचा शेवट धरलं, तो आमचा अख्खा प्रवास आहे.

आणि त्या ब्रेकमधून मिळतं काय? मी एकदा पुलावरच हिशेब केला, वेळ होता. माणसांसकट दीड टन वजनाची गाडी ताशी दहावरून थांबवली, तर तिच्या अंगातली सगळी ऊर्जा, एक थेंब न सांडता पकडली तरी, सुमारे दीड वॉट-तास भरते. एवढ्यावर नऊ वॉटचा एलईडी बल्ब दहा मिनिटं जळेल. गाडीची बॅटरी साधारण पाऊण युनिटची, म्हणजे नुसत्या ब्रेकवर ती भरायची तर साडेचारशेहून अधिक वेळा थांबावं लागेल. तेवढं तर आम्ही थांबतोच, तो प्रश्न नाही; पण एसी एका थांब्याची कमाई काही सेकंदांत गिळतो. ताशी चाळीसवरून थांबलात तर सोळापट मिळतं, कारण ही ऊर्जा वेगाच्या वर्गानं वाढते. चाळीसवरून थांबायचं तर आधी चाळीसला जावं लागतं, आणि तो योग आमच्याकडे पहाटे पाचला असतो.

तरीही बॅटरी भरावी म्हणून मुद्दाम ब्रेक मारणारी माणसं मी पाहिली आहेत. दोष त्या पडद्याचा. समोर एक चित्र असतं: इंजिन, बॅटरी, चाक, आणि त्यांच्यामध्ये धावणारे बाण. बाण बॅटरीकडे गेला की बचत झाल्याचं सुख होतं. उतरताना गाडी गुणही देते. धाकटा मागून वाकून वाचतो, "बाबा, आज अठ्ठावन्न." ज्या माणसाला दहावीला याहून बरे गुण होते त्याला हे ऐकवत नाही. मग तो दुसऱ्या दिवशी बाणाकडे बघून गाडी चालवतो, पाय कधी घाबरून उचलतो, कधी हावरटपणानं दाबतो, आणि मागे रामरक्षा पुन्हा पहिल्या ओळीवर येते.

हे दुखणं आजचं नाही. जपानमध्ये डिसेंबर १९९७ मध्ये टोयोटाची प्रियस विकायला आली, तेव्हापासून हायब्रिडच्या ब्रेकवर लोक कुरकुरत आले आहेत. २०१० च्या फेब्रुवारीत तर टोयोटानं जगभरच्या सुमारे ४ लाख ३७ हजार हायब्रिड गाड्या परत बोलावल्या. तक्रार अशी होती की खडबडीत किंवा निसरड्या रस्त्यावर हलका ब्रेक मारताना क्षणभर ब्रेकची पकड सुटल्यासारखी वाटते. सॉफ्टवेअर बदललं, प्रश्न मिटला. मला यातला 'खडबडीत रस्त्यावर' हा भाग फार आवडतो. तिकडे तो अपवाद असतो, म्हणून तक्रारीत लिहितात. आपल्याकडे असं लिहून नेलंत तर समोरचा विचारेल, "रस्ता कुठला? बरं, मग गाडी ठीक आहे."

मी नेलं होतं. सर्व्हिस सेंटरचं नाव कशाला, तिथला पोरगा गुणी होता. "सर, नॉर्मल आहे," हे त्यानं माझं वाक्य पुरं व्हायच्या आत सांगितलं. मग माझ्या समाधानासाठी गाडी घेऊन रिकाम्या गल्लीत ताशी चाळीसनं एक चक्कर मारली. गाडी माझ्याशी वैर साधल्यागत शहाण्यासारखी वागली. मी म्हटलं, "पुलावर चल." तो म्हणाला, "सर, पुलावर गेलो तर मी आज परत कधी येणार?" शेवटी त्यानं लॅपटॉप जोडला, पडद्याकडे बराच वेळ पाहिलं आणि म्हणाला, "एकही एरर नाही." म्हणजे गाडीच्या मते गचका बसलेलाच नाही. जाताना हळूच म्हणाला, "थोडं ड्रायव्हिंग स्टाइलचं पण असतं, सर."

हे शेवटचं वाक्य दुसऱ्या मजल्यावरच्या काकांना सांगितलं तेव्हा त्यांना इतका आनंद झाला की त्यांनी मला चहा पाजला. काकांनी पंचवीस वर्षं फियाट चालवली. मुंबईतल्या शेवटच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सीची, म्हणजे त्याच फियाटची, मुदत ऑक्टोबर २०२३ मध्ये संपली, त्या दिवशी ते जेवले नव्हते असं काकू सांगतात. त्यांच्या मते क्लच गेला तिथेच ड्रायव्हिंग गेलं. "हाफ क्लच!" ते म्हणतात आणि हवेतच डावा पाय अर्धा उचलून धरतात. नाहूरच्या चढावर हॅण्डब्रेक न ओढता, मागच्या गाडीकडे बोटभरही न घसरता, नुसत्या हाफ क्लचवर गाडी तोलून धरणारी पिढी होती, हे खरंच आहे. त्यांची डावी पोटरी उजवीपेक्षा जाड असायची. मे महिन्यात पुलावर क्लचप्लेट जळाल्याचा वास यायचा, हे मात्र काका सांगत नाहीत. हायब्रिडनं एवढंच केलं, डाव्या पायाला सेवानिवृत्त केलं आणि त्याचं काम मानेला लावलं.

पण पोरगा आणि काका दोघांच्याही बोलण्यात तथ्य आहे. माझं मत विचाराल तर या गचक्यात चार आणे यंत्राचे आणि बारा आणे पायाचे. या गाडीला पुढे दहा फूट मोकळी जागा दिली, पाय जागच्या जागी शांत ठेवला, तर ती विजेवर ताशी पाच-सहानं अशी तरंगत जाते की माना हलत नाहीत, इंजिन जागं होत नाही, ब्रेकची पाळीच येत नाही. रात्री साडेअकराला पुलावर मी हे करून पाहिलं आहे. आई गाडीत नव्हती, नाहीतर फलश्रुती झाली असती.

संध्याकाळी सातला दहा फूट सोडून बघा. पहिल्या सेकंदाला डावीकडून एक स्कूटर येते, मागे चौकोनी पिशवी, बिर्याणी गार होते आहे. दुसऱ्या सेकंदाला उजवीकडून रिक्षाचं पुढचं चाक येतं. रिक्षाचं चाक आलं म्हणजे रिक्षा आली, तो कायदाच आहे. तिसऱ्या सेकंदाला मागचा हॉर्न वाजवतो, "पुढे घे ना, झोपला काय!" दहा फूट ही मुंबईत मोकळी जागा नसते, ती मालमत्ता असते, आणि मालमत्ता मोकळी ठेवली की तिच्यावर कोणीतरी शेड टाकतं. म्हणून आपण बंपरला बंपर लावतो. म्हणून पुढचा चार फूट सरकला की आपण चार फूट झेप घेतो आणि लगेच ब्रेक मारतो. जपानी इंजिनिअरनं मोटर, बॅटरी, तापमान, चढ-उतार सगळं धरलं होतं. मध्ये कोणीतरी घुसेल ही भीती त्याच्या सॉफ्टवेअरमध्ये नाही.

पुलावर अडकलं की खाली रूळ दिसतात. तिथून जाणारी लोकल हीच विद्या करते. २००७ पासून आलेल्या नव्या गाड्या ब्रेक लावताना वीज बनवतात आणि ती वरच्या तारेत परत सोडतात. शेजारून सुटणाऱ्या दुसऱ्या लोकलला ती कामी येते. तीसेक टक्के वीज यात वाचते असं सांगतात. तिथे मात्र कोणी गचक्याची तक्रार करत नाही. संध्याकाळच्या गर्दीत मानेला हलायला जागाच नसते, हे एक; आणि मोटरमनच्या पुढे दहा फुटांत कोणी रिक्षा घालत नाही, हे दुसरं.

तेव्हा हायब्रिड घ्यायचा विचार असेल तर एवढं करा. शोरूमवाला तुम्हाला सकाळी अकराला, रुंद रस्त्यावर, एकट्याला टेस्ट ड्राइव्हला नेईल. जाऊ नका. संध्याकाळी साडेसातची वेळ मागा, नाहूरचा पूल मागा, एसी चालू ठेवा आणि मागच्या सीटवर घरातलं एखादं स्तोत्र पाठ असलेलं माणूस बसवा. स्तोत्र कुठे तुटतं ते ऐका. पुलावर असेपर्यंत घरातला कुठलाही पैशाचा विषय काढू देऊ नका. ॲव्हरेजची चौकशी शेवटी करा. ते देते, मला पुलासकट एकवीस मिळतं.